घास नेमका कुठे अडकतो? अन्ननलिकेच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीत, म्हणजे पचनसंस्थेच्या आजारांच्या शाखेत, आले तेव्हा माझा सगळा जीव स्कोपमध्ये, तोंडातून आत घालायच्या दुर्बिणीत, अडकलेला होता. दुर्बीण हातात कधी मिळते, एवढंच डोक्यात. आज नव्या रेसिडेंटना मी पहिला महिना रुग्णासमोर बसून नुसतं ऐकायला आणि बघायला लावते. त्याला कारण एक बाई.

वय पन्नाशीच्या आसपास. दोन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या चालू, दोनदा केलेली एंडोस्कोपी 'नॉर्मल'. मी फाइल चाळत असताना त्यांनी पिशवीतून बाटली काढून पाणी प्यायलं. घोट घेतला, मान ताणली, खांदे मागे नेले, क्षणभर श्वास रोखला, मग तो घोट खाली उतरला. मी फाइल मिटली आणि विचारलं, "जेवायला किती वेळ लागतो?"

"सगळ्यांची ताटं उचलून होतात तरी माझं चालूच असतं," त्या म्हणाल्या. "आणि रात्रीचं खाल्लेलं सकाळी उशीवर येतं. आंबट नसतं, खाल्लं तसंच्या तसं."

आंबट नाही, म्हणजे ते जठरापर्यंत पोचलंच नव्हतं. मॅनोमेट्री केली, म्हणजे गिळताना अन्ननलिकेतला दाब मोजला. गिळल्यावर अन्ननलिकेत लाट उठतच नव्हती आणि खालची झडप सैल होत नव्हती. ॲकॅलेशिया. झडप सैल करणाऱ्या चेतापेशीच नष्ट झालेल्या असतात, ॲसिड कमी करणारी गोळी तिथे काय करणार? एंडोस्कोपीत सुरुवातीला हा आजार सहज निसटतो, कारण किंचित दाब दिला की स्कोप झडपेतून आत जातो. तो किंचित दाब लागला हे रिपोर्टमध्ये लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

गिळायला त्रास होतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे विचारते: सुरुवातीला फक्त घट्ट अन्न अडायचं, की पाणीसुद्धा? आधी घट्ट, मग मऊ, मग पातळ अशा क्रमाने वाढत गेलं असेल तर वाट अरुंद होत चाललीय. उतारवय आणि उतरलेलं वजन सोबत असेल, तर कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत थांबायचं नाही. घट्ट आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून अडत असेल तर स्नायूंच्या हालचालीचा विचार करा. आणि अधूनमधूनच एखादा घास अडकतो, एरवी काही नाही, असं तरुण माणूस सांगत असेल, तर अस्तर चांगलं दिसलं तरी बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी अस्तराचे तुकडे, घ्या: किमान दोन पातळ्यांवरून मिळून सहा तुकडे. सूक्ष्मदर्शकाच्या एका हाय पॉवर फील्डमध्ये 15 किंवा जास्त इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसले तर इओसिनोफिलिक इसोफेजायटिसकडे, म्हणजे या पेशींमुळे अन्ननलिकेला येणाऱ्या सुजेकडे, बोट जातं. एक सावधगिरी. रुग्ण गळ्यावर बोट ठेवतो म्हणून अडथळा गळ्यातच असेल असं नाही. खालचा अडथळाही अनेकांना वर जाणवतो.

मोजमाप पाठच करा. पुढच्या दातांपासून साधारण 15 सेंटिमीटरवर अन्ननलिका सुरू होते आणि 40 च्या सुमारास जठराला मिळते. तिला आतड्यासारखं बाहेरचं सिरोसाचं आवरण नसतं, त्यामुळे भोक पडलं की लाळ आणि जंतू थेट छातीच्या मधल्या पोकळीत पसरतात.

हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. कळलं एका दुपारी. जुनं, चिवट स्ट्रिक्चर, म्हणजे अन्ननलिकेची आक्रसलेली जागा, मी डायलेट केलं होतं, ताणून रुंद केलं होतं. रुग्ण छातीत दुखतंय म्हणाला, आणि थोडं दुखतंच, असं सांगून मी पुढची केस घेतली. तासाभराने वॉर्डमधल्या सिस्टरचा फोन आला: नाडी 120 आहे, मॅडम, मला हे ठीक वाटत नाही. मी जाऊन मानेवर बोटं ठेवली. त्वचेखाली बारीक बुडबुडे फुटावेत तसं चरचरलं: अन्ननलिकेतून निसटलेली हवा. पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट पाजून सिटी केला, गळती दिसली. तोंडाने सगळं बंद, अँटिबायोटिक्स, भोक झाकायला आत बसवलेली आवरणाची जाळीदार नळी (स्टेंट). काही आठवड्यांनी तो जेवू लागला, पण तो तास माझ्याकडून गेलाच होता. डायलेटेशननंतर दुखणं टिकलं, नाडी चढली किंवा ताप आला, तर वाट न बघता सिटी करा. आणि घट्टपणा जाणवू लागल्यावर एका बैठकीत तीन पायऱ्यांपुढे जाऊ नका.

लहान मुलाने बटण सेल गिळला तर मात्र मिनिटं मोजायची. एक्स-रेत नाणं वाटलं तरी कडेला दुहेरी वर्तुळ आहे का ते बघा. अडकलेल्या सेलच्या ऋण बाजूला अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल भाजतं. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यायला सांगावं, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यासाठी निघायला उशीर मात्र नको. सेल काढल्यावरही निश्चिंत होऊ नका. जखम महाधमनीपर्यंत पोचून काही दिवसांनीही रक्तस्राव होऊ शकतो.

ॲसिड किंवा अल्कली प्यायलेल्याला उलटी करवायची नाही, उतारा म्हणून उलट रसायनही द्यायचं नाही. तोंड स्वच्छ दिसलं म्हणून अन्ननलिका वाचली असंही धरू नका.

शिकताना बेरियमच्या खोलीत, जिथे रुग्णाला बेरियम पाजून गिळणं एक्स-रेवर बघतात, जाऊन बसा. मॅनोमेट्रीचे आलेख रिपोर्ट झाकून स्वतः वाचा, मग ताडून बघा. माझं निम्मं शिक्षण तिथे झालं.

त्या बाईंचं पुढे पोएम झालं. तोंडातून स्कोप घालून, आतूनच झडपेचा स्नायू कापायचा. हारुहिरो इनोऊ यांनी जपानमध्ये 2008 साली माणसावर पहिल्यांदा केलेली ही पद्धत. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा गालफडं भरली होती. पाणी सरळ बसून, मान न ताणता प्यायल्या. फक्त आता छातीत जळजळ होते म्हणाल्या. झडप मोकळी झाल्यावर ॲसिड वर येणं पोएमनंतर बऱ्याच जणांना होतं, आणि ही जळजळ खरीच ॲसिडची निघाली. दोन वर्षं घेतलेली तीच गोळी मी त्यांना पुन्हा लिहून दिली, आणि या वेळी ती कशासाठी आहे ते कागदावर चित्र काढून समजावलं.