हेड गॅस्केट उडालं: हेडचं काम करायचं की इंजिनच बदलायचं?

मे महिना, साखरप्याहून आंबा घाट चढताय, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि डिकीत पेट्या. काटा लालवर जातो, बॉनेटखालून वाफ येते आणि वरच्या गावातला मेकॅनिक दोन मिनिटांत निकाल देतो: "हेड गॅस्केट गेलं, आता इंजिनच काढावं लागेल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला खालचा, आणि दोघांच्या मधली पातळ सील म्हणजे हेड गॅस्केट. मेकॅनिकच्या पहिल्या अर्ध्या वाक्याची आधी खात्री करून घ्यायची, आणि दुसरं अर्धं हेड उघडेपर्यंत मनावर घ्यायचं नाही.

१. गाडी बंद करा आणि बंदच ठेवा

सगळ्या निर्णयाची किल्ली एकाच प्रश्नात आहे: काटा लालवर गेल्यावर गाडी किती चालवली? लगेच बाजूला घेतली असेल, तर बहुतेक वेळा हेडच्या कामावर निभावतं. "गॅरेज जवळच होतं" म्हणून तशीच रेटली असेल, तर खर्च चढत जातो. बऱ्याच गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि पुष्कळदा खालचा ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम जास्त फुगतं, पण बोल्टांनी आवळलेलं असल्यामुळे त्याला सरकायला जागा नसते, म्हणून ते वाकतं. मेकॅनिकला इथे खरं सांगा. लपवून फायदा कोणाचाच नाही.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. "एकदा स्टार्ट मारून बघू" हेही टाळा. सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल, तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि पिस्टनला खालच्या क्रँकशी (इंजिनच्या फिरत्या दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करूनच न्या.

२. गॅस्केटच गेलंय का, हे ठरवा

गाडी गरम होण्याची कारणं बरीच. थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) अडकतो, पंखा फिरत नाही, वॉटर पंप गळतो, रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग ढिली पडते. ही कामं गॅस्केटच्या मानाने स्वस्तात होतात, म्हणून आधी ती तपासून घ्या.

गॅस्केटच्या खुणा अशा: इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणं, बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होणं, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक होणं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर त्यात पाणी शिरलंय. मात्र नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट थर असेल, तर घाबरू नका. रोज दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात तो तसाही धरतो.

पक्की खात्री हवी असेल तर रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून करायची चाचणी मागा. कूलंटमध्ये सिलिंडरमधला वायू येत असेल, तर पेट्रोल गाडीत हा द्रव पिवळा पडतो. सोबत कूलंटच्या यंत्रणेत हवेचा दाब भरून तो टिकतो का, तेही बघा.

३. हेड उतरवण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या

ही पायरी घाईत गाळली जाते आणि तिथेच फसगत होते. पेट्रोल इंजिनला प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, साधारण १५० ते २०० पीएसआयच्या आसपास असतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल, आणि डिझेलला गेज वेगळा लागतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर त्यांच्यामधलं गॅस्केट जळालंय, असा अंदाज करायला हरकत नाही.

चारही सिलिंडर कमी असतील, तर प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वर आला तर पिस्टन रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. अशा इंजिनवर नवीन गॅस्केट घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

४. हेड उघडलं की स्वतः जाऊन उभे राहा

फोटो मागवू नका, जा. हेडचा पृष्ठभाग साफ करून त्यावर सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवतात आणि खालून फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पातळ पाती सरकवून बघतात. अनेक लहान पेट्रोल इंजिनांत वाकण्याची मर्यादा ०.०५ मिलिमीटर असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी. पाती त्याहून जाड गेली, तर हेड फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायला, मशीन शॉपमध्ये पाठवायचं. फेसिंगलाही सीमा असते, आणि काही डिझेल हेडना कंपनी फेसिंग करूच देत नाही. हेडचं प्रेशर टेस्टिंगही करून घ्या, कारण व्हॉल्व्ह सीटच्या मधली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही.

तीच पट्टी ब्लॉकवरही ठेवायला सांगा. बोअरमध्ये नखाला लागेल अशी उभी चर आहे का, ते बघा. ऑइल काढताना त्यात चकाकणारा धातूचा चुरा आला, किंवा आधीच खालून ठकठक ऐकू येत होती, तर पाणीमिश्रित ऑइलने बेअरिंग खाल्लेत. तेव्हा चेंबर (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) उघडून क्रँक तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

५. आता हिशेब

ब्लॉक सरळ, बोअर साफ, ऑइल स्वच्छ असेल, तर हेडचं काम करा. यात फार विचार करण्यासारखं काही नाही. ब्लॉकला चीर गेली किंवा रॉड वाकला, तर इंजिनकडे वळा. डोकेदुखी मधल्या प्रकरणांची असते.

समजा गाडीला आज बाजारात अडीच लाख मिळतात. हेडचं काम पंचवीस हजारांत होत असेल, तर प्रश्नच नाही. बोअर, पिस्टन, क्रँक धरून आकडा सव्वा लाखाच्या पुढे जात असेल, तर माझ्या मते थांबावं आणि गाडी आहे तशी विकण्याचाही भाव काढावा. बॉडीला गंज किती, गिअरबॉक्स कसा, आरसीची पंधरा वर्षं संपायला किती उरली, हे सगळं त्यात धरा. साध्या विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही, तेव्हा त्या आशेवर राहू नका.

६. इंजिन बदलायचं ठरलं तर

कंपनीचं नवं अर्धं इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन बसवून आलेलं, हा महाग पण निर्धोक मार्ग. मुंबईतल्या कुर्ल्यासारख्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातलं इंजिन स्वस्त पडतं, पण ते किती फिरलंय हे सांगणारा कोणी नसतो. घेण्याआधी कॉम्प्रेशन मोजून दाखवायला लावा. विक्रेता नाही म्हणाला, तर दुसरं दुकान बघा. पक्कं बिल आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या कागदांची प्रत घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं, तर पोलिसांत तुम्हीच जाणार. आरसीवर इंजिन नंबर असतो. म्हणून बदलाआधी आरटीओची परवानगी काढा, नंतर नवा नंबर चढवून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

७. हेडचंच काम करताना

हेडचे बोल्ट ताणून आवळायच्या प्रकारचे असतील, तर नवेच घ्यायचे. जुने पुन्हा वापरून चार पैसे वाचवू देऊ नका. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) लागतोच, आणि आवळायचं ते मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. अनेक डिझेल इंजिनांत गॅस्केट दोन-तीन जाडींमध्ये येतं, म्हणून जुन्याच्या कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून तसंच आणायचं. गळती बंद करणाऱ्या बाटल्या रेडिएटरमध्ये ओतायच्या भानगडीत पडू नका, त्या रेडिएटरच्या नळ्याही बुजवतात.

आणि मुळात गाडी तापली कशाने, ते कारण काढल्याशिवाय ताब्यात घेऊ नका. थर्मोस्टॅट, झाकण आणि होज त्याच वेळी बदला, वॉटर पंप तपासा, पंखा आपोआप लागतो का बघा. ऑइलमध्ये पाणी गेलं असेल, तर कामानंतर भरलेलं पहिलं ऑइल आणि फिल्टर थोडं चालवून लगेच काढून टाका आणि परत नवं भरा.