घरच्या कॉम्प्युटरसाठी एक मोकळी दुपार

घरचा कॉम्प्युटर मालवेअरपासून, म्हणजे नुकसान करणाऱ्या किंवा माहिती चोरणाऱ्या सॉफ्टवेअरपासून, वाचवायला एका दुपारी करायच्या कामांची ही यादी. या यादीत अँटीव्हायरस पहिला नाही, पहिला आहे बॅकअप. बाकीच्या तयारीत कुठे ना कुठे फट राहतेच, पण फोटो आणि कागदपत्रं यांची दुसरी प्रत हाताशी असेल तर झालेली चूक निस्तरता येते. बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्या, सगळं तिच्यावर उतरवा आणि काम संपलं की केबल काढून ठेवा. केबल काढायचीच, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं मालवेअर, जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फायलींनाही सोडत नाही. कायम खोचून ठेवलेला बॅकअप मूळ फायलींबरोबरच हातचा जातो. डिस्क कपाटात जाण्याआधी तिच्यावरच्या दोन-चार फायली उघडून बघा.

मग अपडेट. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ते अजून वापरात असेल तर विंडोज ११ वर जाणं किंवा मुदतवाढीच्या सुरक्षा अपडेट्ससाठी नाव नोंदवणं आजच्या कामांत घ्या. ब्राउझर स्वतःचं अपडेट गुपचूप उतरवून घेतो, पण तो बंद करून पुन्हा उघडेपर्यंत ते लागू होत नाही. चाळीस टॅब महिनोन्‌महिने उघडे ठेवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. उलट, एखादं वेबपेजच ‘अपडेट करा’ म्हणत असेल तर टॅब बंद करा. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘बॅड रॅबिट’ हे रॅन्समवेअर असंच पसरलं. हॅक झालेल्या साइट्सवर फ्लॅश प्लेअरचं खोटं अपडेट दिसायचं आणि लोक ते स्वतःच्या हाताने चालवायचे. फ्लॅश तर २०२० अखेर बंदच झालं, त्यामुळे आज त्याचं अपडेट मागणारं प्रत्येक पान खोटं आहे.

‘मी भलत्या साइटवर जातच नाही’ हे पुरेसं नाही. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीसारख्या नावाजलेल्या साइट्सवरच्या जाहिरातींतून मालवेअर वाचकांपर्यंत पोचलं होतं. जाहिरात बाहेरच्या जाळ्यातून येते, साइटच्या संपादकाला ती दिसतही नाही. म्हणून अ‍ॅड ब्लॉकर ही माझ्या मते चैन नाही, गरज आहे. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन घाला, क्रोमवर त्याची लाइट आवृत्ती. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या ‘प्रायोजित’ लिंकवरून सॉफ्टवेअर उतरवू नका, मूळ साइटचा पत्ता स्वतः टाइप करा.

अ‍ॅड ब्लॉकर हे एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. बाकीच्या एक्स्टेन्शनवर मात्र कात्री चालवा. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन वर्षानुवर्षं चांगलं चाललं. २०२० मध्ये त्याची मालकी बदलली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मालवेअर असल्याचं सांगून गूगलने ते काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. एक्स्टेन्शनची यादी उघडा, आणि जे कशासाठी घातलं होतं ते आठवत नाही ते काढा. तिथेच सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कोणाकोणाला दिली आहे तेही पाहा. कोपऱ्यात उगवणारे ‘व्हायरस सापडला’ असे इशारे बहुतेक तिथूनच आलेले असतात.

अँटीव्हायरससाठी विंडोजमधला डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, फक्त तो चालू आहे ना ते बघा. रोजच्या कामासाठी साधं, अ‍ॅडमिन नसलेलं खातं करा. फाइल एक्सप्लोररमध्ये फायलींची एक्स्टेन्शन्स (इथे अर्थ वेगळा: नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) दिसतील अशी सोय करा, म्हणजे ‘बिल.पीडीएफ’च्या शेपटीला लपलेलं, ही फाइल म्हणजे चालणारा प्रोग्रॅम आहे हे सांगणारं ‘.ईएक्सई’ नजरेस पडेल.

आता ज्यासाठी मला घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवावंसं वाटतं ते. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ अशी चौकट येते. नेहमीची चित्रं ओळखायला न लावता ती म्हणते, विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने तोवर एक कमांड, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचा हुकूम, गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. पहिल्या दोन कळांनी हुकूम द्यायची चौकट उघडते आणि ती कमांड तिथे आपणच, आपल्याच बोटांनी पेस्ट करून चालवतो. याला ‘क्लिकफिक्स’ म्हणतात. कमांड आपणच दिल्यामुळे ब्राउझरची डाउनलोडवरची राखण वाटेत येतच नाही, आणि साधं खातंही इथे फारसं वाचवत नाही, कारण ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (आपण लॉगिन केलं आहे हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) चोरायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागत नाहीत. मॅकवर हाच खेळ टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायला सांगून होतो. खरा कॅप्चा, म्हणजे रोबो नसल्याची ती परीक्षा, कधीही ब्राउझरच्या बाहेर काही करायला सांगत नाही. हे एक वाक्य घरातल्या थोरामोठ्यांना तोंडपाठ करून द्या.

सगळे पासवर्ड एखाद्या पासवर्ड मॅनेजरमध्ये (ते जपून ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) हलवा आणि ईमेल, बँक यांना दुहेरी पडताळणी लावा. तरीही कुकी चोरीला गेली तर चोर पासवर्डशिवाय, ओटीपीशिवाय लॉगिन झालेल्या अवस्थेतच आत शिरू शकतो. महत्त्वाच्या साइट्सवर काम झालं की लॉगआउट करा.

शेवटी एक कागद घ्या. संशय आला की काय करायचं ते हाताने लिहून मॉनिटरजवळ चिकटवा, कारण घाबरलेल्या माणसाला सेटिंग्ज सापडत नाहीत. आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदला आणि ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा. मग डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. स्क्रीनभर इशारा आणि त्यावर फोन नंबर दिसला तर फोन करू नका, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पान अडकलं असेल तर एस्केपची कळ दाबून धरा, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. कागदाच्या तळाशी बँकेचा हेल्पलाइन नंबर लिहा, सर्चमधून नाही, कार्डाच्या मागे छापलेला पाहून.