आत्याकडे गेले होते, व्हिसा मात्र बडोद्याला येऊनच काढला

२०२४ च्या मार्चमध्ये मी बडोद्याहून इंग्लंडमधल्या लेस्टरला गेले ती आत्यासाठी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, काका दिवसभर कामावर, आणि घरात मदतीला कोणीतरी हवंच होतं. माझ्याकडे सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा होता. पण मनात दुसरीही एक गोष्ट होती आणि ती मी व्हिसाच्या अर्जात लपवली नव्हती: लेस्टर विद्यापीठातला म्युझियम स्टडीजचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग मला डोळ्यांनी बघायचा होता. आमच्या बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्समध्ये १९५२ पासून हाच विषय म्युझियॉलॉजी या नावाने शिकवतात. मी तिथूनच कला-इतिहासात पदवी घेतली आणि लेस्टरचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेही त्याच आवारात.

मे महिन्यात प्रवेशाचं पत्र आलं. अट नव्हती, पक्का प्रवेश. आत्या काठी टेकत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अगं, मग आता परत कशाला जातेस? इथेच आहेस, इथूनच व्हिसा कर की. तिकिटाचे पैसे वाचतील." लेस्टरच्या भारतीय वस्तीतल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात, देवळात, जिथे जाऊ तिथे लोक हेच सांगत होते. एक गृहस्थ तर म्हणाले, आपल्या ओळखीच्या मुलाचं असंच झालं होतं.

झालंही असेल. पण तो मुलगा व्हिजिटर व्हिसावर होता की आधीच विद्यार्थी व्हिसावर, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सगळं त्यावरच तर ठरतं. ब्रिटनमध्ये आधीपासून विद्यार्थी म्हणून राहणाऱ्याला तिथूनच पुढच्या कोर्ससाठी अर्ज करता येतो. व्हिजिटरला येत नाही. सरकारी संकेतस्थळावर विद्यार्थी व्हिसाच्या पानावर ब्रिटनच्या आतून अर्ज न करता येणाऱ्यांची यादी आहे. त्यात व्हिजिट व्हिसावाले आहेत, छोट्या कोर्सच्या व्हिसावरचे विद्यार्थी आहेत, हंगामी कामगार आहेत. मी ते पान आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तिचा चेहरा उतरला, पण विषय तिथे मिटला.

नव्याने जाणाऱ्यांना मला आधी हेच सांगायचं आहे. परदेशात पाहुणे म्हणून असताना तुम्हाला सल्ला देणारे शंभर लोक भेटतील आणि सगळे मनापासूनच देतील. त्यांना एकच विचारा: तुमचा पासपोर्ट कुठला होता आणि तेव्हा तुम्ही कुठल्या व्हिसावर होता? या दोन गोष्टी तुमच्याशी जुळत नसतील, तर तो अनुभव तुमच्या कामाचा नाही.

माझ्या डोक्यात आणखी एक कल्पना आली होती आणि ती चुकीची होती. अर्ज तर ऑनलाइनच भरायचा असतो. मग लेस्टरमधून अर्ज भरून फी भरावी, ठिकाण म्हणून भारत निवडावा, अहमदाबादची बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे आणि फोटो देण्याची) तारीख घ्यावी आणि मग विमानात बसावं. दहा-बारा दिवस वाचले असते. पण बाहेरून करायच्या अर्जासाठी तुम्ही अर्ज करतेवेळी खरोखरच ब्रिटनबाहेर असावं लागतं, आणि अर्जाची तारीख फी भरल्याच्या दिवसाची धरतात. मी लॅपटॉप बंद केला आणि १४ जूनचं तिकीट काढलं.

परत यायचंच आहे हे ठरल्यावर उरलेल्या चार आठवड्यांचा मी पुरता उपयोग केला. विभागात जाऊन शिकवणाऱ्यांना भेटले. न्यू वॉक म्युझियममध्ये तीनदा गेले. हे १८४९ साली सुरू झालेलं संग्रहालय, आणि तिथल्या इजिप्तच्या दालनात ममी आहेत. आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयातही ममी आहे, लहानपणी आम्ही सुट्टीत तिच्याच काचेला नाक लावायचो. दोन्हीकडच्या पाट्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याची मी वहीत टिपणं केली. पुढे विद्यापीठाने ऑनलाइन मुलाखतीत "हाच कोर्स का?" असं विचारलं, तेव्हा या टिपणांमुळे मला एकदाही अडखळायला झालं नाही. पाहुणे म्हणून गेलात तर ही संधी सोडू नका. वर्ग बघा, राहायच्या जागांची भाडी विचारा, बसने किती वेळ लागतो ते स्वतः जाऊन बघा. यातल्या कशालाही विद्यार्थी व्हिसा लागत नाही. नोकरी मात्र चालत नाही, सुट्टीच्या दिवशी नात्यातल्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसणंसुद्धा नाही.

आता पैसे. इथेच माझं सगळ्यात जास्त अडलं, म्हणून सविस्तर लिहिते.

उरलेली फी आणि राहण्याचा खर्च तुमच्याकडे आहे हे दाखवावं लागतं. लंडनबाहेर शिकणाऱ्यासाठी तेव्हा महिना १,०२३ पौंड धरत होते, जास्तीत जास्त ९ महिन्यांचे, म्हणजे ९,२०७ पौंड. २ जानेवारी २०२५ पासून महिन्याचा आकडा १,१३६ झाला आणि ११ नोव्हेंबर २०२५ पासून १,१७१. त्यामुळे अर्ज कराल त्या दिवशी आकडा पुन्हा बघा. आजोबा नेहमी सांगायचे की सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन, तीन वर्षांसाठी. मी बाबांसमोर हिशेब मांडत होते तेव्हा हे आठवलं आणि दोघंही जरा वेळ गप्प बसलो.

आत्या म्हणाली, "माझं स्टेटमेंट लाव, मी काय परकी आहे?" नाही चालत. पैसे स्वतःचे किंवा आई-वडिलांचे (किंवा कायदेशीर पालकांचे) असावे लागतात. आत्या, मामा, काका, आजोबा कितीही सख्खे असोत, त्यांचं खातं धरत नाहीत. त्यांना मदत करायचीच असेल तर त्यांनी पैसे तुमच्या किंवा आई-बाबांच्या खात्यात टाकावे आणि मग ते तिथे मुरू द्यावे. मी आत्याकडेच राहणार होते, भाडं शून्य. त्याचीही सूट मिळत नाही. राहण्यापोटी विद्यापीठालाच आगाऊ पैसे भरले असतील, तर त्यातले ठरावीक मर्यादेपर्यंत वजा होतात, बाकी नाही.

आणि हे पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. एक दिवसही रक्कम खाली गेलेली चालत नाही. बाबांनी एफडी मोडून २० जूनला पैसे बचत खात्यात आणले. आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयावर १७ जुलैला गोल केला. ३ जुलैला त्याच खात्यातून विम्याचा वार्षिक हप्ता आपोआप गेला. ही सूचना बाबांनीच कित्येक वर्षांपूर्वी दिलेली होती आणि कोणाच्याच लक्षात नव्हती. शिल्लक हव्या त्या रकमेच्या साधारण सहा हजार रुपये खाली गेली. दोन दिवसांनी, ५ जुलैला, पासबुक भरून आणल्यावर आईच्या ते लक्षात आलं. तिने लगेच स्वतःच्या खात्यातून पैसे टाकले, पण मोजणी पुन्हा एकपासून. ५ जुलै ते १ ऑगस्ट. सहा हजार रुपयांपायी पंधरा दिवस गेले. मी जूनच्या मध्यात परतले नसते, आत्याच्या आग्रहाला मान देऊन जुलै संपेपर्यंत राहिले असते, तर सप्टेंबरचा वर्ग हातचा गेला असता.

म्हणून वेगळं खातं ठेवा. त्यावर हप्ता, वीजबिल, एसआयपी काही नको. रकमेत दहा टक्के तरी वाढीव ठेवा, कारण रुपयाचे पौंड अर्जाच्या दिवसाच्या दराने करतात आणि तो दर तुमच्या हातात नसतो. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या ३१ दिवसांच्या आतली हवी. आणि तुम्ही परदेशात पाहुणे असताना घरच्यांना फोन करून ही २८ दिवसांची मोजणी सुरू करायला सांगा. मी ते मे महिन्यातच करू शकत होते. केलं नाही.

पैसे वडिलांचे म्हटल्यावर त्यांचं संमतीपत्र आणि माझा जन्मदाखला लागला. गुजरातेतल्या आपल्या मराठी घरांनी दाखल्याकडे आजच लक्ष द्यावं. माझा दाखला गुजरातीत, आणि त्यावर बाबांच्या नावाला "भाई" जोडलेलं, आईच्या नावाला "बेन". पासपोर्टवर दोघांचीही नावं साधी. आपल्याला त्यात काही वाटत नाही, शाळेच्या हजेरीपासून हे ऐकत आलो. पण कुठेतरी दूर बसून फाइल वाचणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं वाटू शकतात. आम्ही इंग्रजी अनुवाद करून घेतला, त्यावर अनुवादकाने भाषांतर अचूक असल्याचं लिहून सही, तारीख आणि संपर्क दिला, आणि रावपुऱ्यातल्या नोटरीकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं ॲफिडेव्हिट केलं. हे सगळं होईतो नऊ दिवस गेले. बाबा दर वेळी दांडियाबाजारातून चालत जायचे, कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून.

टीबीची तपासणीही भारतातच. सहा महिन्यांहून जास्त काळासाठी जाणाऱ्याला छातीचा एक्स-रे ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच काढावा लागतो, नेहमीच्या डॉक्टरांचा चालत नाही. दाखला सहा महिने टिकतो. मला वाटलं होतं, मी तर तीन महिने ब्रिटनमध्येच होते, मला कशाला? पण तपासणी न लागणाऱ्या देशात किमान सहा महिने राहिलेल्यालाच सूट आहे.

३ ऑगस्टला अर्ज केला. फी ४९० पौंड (एप्रिल २०२५ पासून ५२४), आणि आरोग्य सेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा काही महिने जास्तीचा मिळतो, म्हणून माझे १,१६४ झाले. हा अधिभार एकरकमी आधीच जातो. घरच्या हिशेबात तो धरलेलाच नसतो, आमच्याही नव्हता. अर्जात ब्रिटनमधले नातेवाईक आणि मागच्या भेटी विचारतात. आत्याचं नाव लिहू की नको असं एका एजंटने माझ्या मनात भरवलं होतं. मी लिहिलं. मागच्या व्हिसावर कोणाच्या घरी राहिले ते त्यांच्याकडे आहेच.

८ ऑगस्टला सकाळच्या गाडीने अहमदाबाद, बोटांचे ठसे, फोटो, दुपारी परत. २९ ऑगस्टला पासपोर्ट आला. तेव्हा पासपोर्टात स्टिकर लावून देत, जुलै २०२५ पासून विद्यार्थ्यांना नुसता ई-व्हिसा मिळतो.

इतर देशांचं थोडक्यात सांगते, कारण माझ्या वर्गातली मुलं वेगवेगळीकडे गेली. ऑस्ट्रेलियात पूर्वी व्हिजिटर म्हणून जाऊन तिथूनच विद्यार्थी व्हिसा मागता यायचा. १ जुलै २०२४ पासून ते बंद आहे, तरी जुने सल्ले अजून फिरतात. जर्मनीत अमेरिकन किंवा जपानी विद्यार्थी नुसता जाऊन तिथे परवाना काढू शकतो, भारतीय नाही. आपल्याला इथूनच राष्ट्रीय (दीर्घ मुदतीचा) व्हिसा हवा, सोबत एपीएसचं, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र, आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो. शेंगेनचा पर्यटक व्हिसा तिथे बदलून मिळत नाही. न्यूझीलंडमध्ये मात्र व्हिजिटर असताना आतून अर्ज करता येतो.

अमेरिकेचं जरा वेगळं. तिथे बी-२ (पर्यटक) व्हिसावर असताना आय-५३९ हा दर्जा बदलण्याचा फॉर्म भरून एफ-१ (विद्यार्थी) दर्जा मागता येतो. पण मंजुरी येईपर्यंत वर्गात बसायचं नाही, आणि मिळतो तो दर्जा, पासपोर्टातला व्हिसा नव्हे. दिवाळीला घरी आलात की परत जाण्यासाठी व्हिसाची मुलाखत द्यावीच लागते. मुंबईची तारीख मिळत नाही म्हणून दुबई किंवा बँकॉकला फिरायला जाऊन तिथे मुलाखत देणारेही बडोद्यात होते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने सांगितलं की व्हिसाचा अर्ज स्वतःच्या देशात किंवा जिथे राहता त्या देशात करावा. त्यामुळे तो रस्ता आता धरू नये.

एक लहानसं काम राहिलं. ब्रिटनमधून निघताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. तुम्ही मुदतीत बाहेर पडलात याचा तुमच्या हातातला पुरावा म्हणजे भारतात उतरल्यावरचा शिक्का. तो स्पष्ट उमटलाय का ते काउंटरवरच बघा आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. सप्टेंबरमध्ये हीथ्रोला अधिकाऱ्याने माझा जुना व्हिसा बघून विचारलं, "जूनमध्ये का परत गेलात? मुदत तर सप्टेंबरपर्यंत होती." मी म्हटलं, "विद्यार्थी व्हिसा घरून काढायचा होता." त्याने पान उलटून अहमदाबादचा १५ जूनचा शिक्का बघितला, नव्या स्टिकरवर आपला शिक्का मारला आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला. बाहेर आत्या उभी होती, काठीशिवाय.