अधिवेशनातील गदारोळ आणि येऊ घातलेली करवाढ : नागपूरकरांनी नेमके काय तपासावे

सिव्हिल लाइन्समधील विधान भवनात हिवाळी अधिवेशन सुरू झाले की दोन तक्रारी हमखास कानी पडतात. विरोधकांना विधेयके मंजूरच होऊ द्यायची नाहीत, असे सत्ताधारी म्हणतात. तर कापूस, संत्रा आणि सिंचनाचा अनुशेष बाजूला सारून सरकार केवळ पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्ये मागितलेला जादा खर्च) रेटत आहे, असे विरोधक म्हणतात. या वादात करवाढीची पूर्वचिन्हे नजरेआड होतात, म्हणून कोण काय बोलले यापेक्षा कागदावर काय आहे हे आधी पाहावे.

अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला सरकार देत असलेल्या चहापानावर विरोधकांनी घातलेल्या बहिष्काराची बातमी वाचून पुढे जावे. त्यातून फारसे काही हाती लागत नाही. सभागृहात कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा हे कामकाज सल्लागार समितीत ठरते आणि त्या समितीत दोन्ही बाजूंचे सदस्य असतात. त्यामुळे विदर्भाचा विषय डावलला गेल्याचा आरोप झाला, तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावरील रोजचा कामकाजाचा क्रम उघडून तो विषय कितव्या स्थानी होता आणि दिवसअखेर पुकारला गेला का, हे स्वतः पडताळावे. विरोधकांनाही हीच कसोटी लावावी. अधिवेशनाच्या शेवटी चर्चेसाठी मांडला जाणारा अंतिम आठवडा प्रस्ताव त्यांच्या हाती असतो. त्यात विदर्भाला किती जागा मिळाली, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या तक्रारीचे वजन ठरवू नये.

सर्वाधिक वेळ पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेला द्यावा. 16 ते 21 डिसेंबर 2024 या अवघ्या सहा दिवसांच्या नागपूर अधिवेशनात सुमारे 35,788 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या होत्या. हा खर्च वर्षाच्या सुरुवातीला मंजूर केलेल्या तरतुदींच्या वरचा असतो. पुस्तिकेत विभाग, मागणी क्रमांक आणि लेखाशीर्ष (खर्चाचे खाते) दिलेले असते. रकमांपुढे ‘दत्तमत’ (सभागृहाच्या मतदानाला येणारी) किंवा ‘भारित’ असे लिहिलेले असते. भारित रकमांवर मतदान होत नाही, म्हणून आपल्या आमदाराला प्रश्न विचारायचा तो मुख्यतः दत्तमत रकमांबद्दल. प्रत्येक मोठ्या मागणीखाली कारणाचा एक परिच्छेद असतो. ती योजना यंदापुरती आहे की दरवर्षीची, एवढे एकच त्यात शोधावे. दरवर्षीचा खर्च वाढत असेल आणि महसूल त्या गतीने वाढत नसेल, तर पुढील अर्थसंकल्पात कर्ज, कपात किंवा करवाढ यांपैकी काहीतरी करावेच लागते, मग सत्तेवर कोणताही पक्ष असो.

त्यानंतर कर कोणाच्या अखत्यारीतला आहे, हे ओळखावे. जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांच्या संयुक्त जीएसटी परिषदेच्या शिफारशीने ठरतात, तेव्हा त्यासाठी एकट्या राज्य सरकारला जाब विचारणे योग्य नाही. पेट्रोल-डिझेलवरील राज्याचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, वाहन कर आणि मद्यावरील उत्पादन शुल्क मात्र राज्याकडे आहे. व्यवसाय कर राज्याचाच असला, तरी संविधानाने त्याला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. पगाराच्या पावतीवर एरवी दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, त्याचे कारण हेच. घरपट्टी महानगरपालिकेची, तेव्हा तिचा प्रश्न नगरसेवकाकडे न्यावा.

करवाढ नेहमी विधेयकाच्या रूपानेच येते, असेही समजू नये. जून 2025 मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा अधिवेशन सुरूही नव्हते. म्हणून मंत्रिमंडळ बैठकीनंतरच्या निर्णयांवरही लक्ष ठेवावे.

विरोध करून काही होत नाही, हे मला मान्य नाही. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाख रुपयांहून महाग विजेवरील गाड्यांवर 6 टक्के कर प्रस्तावित होता. विधान परिषदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेत असल्याचे तिथेच जाहीर केले. विधान परिषदेला धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाविषयीचे विधेयक) अडवता येत नाही, ते 14 दिवसांच्या आत शिफारशींसह परत करण्यापुरताच तिचा अधिकार आहे. तरीही नेमका प्रश्न तिथे परिणाम करू शकला.

आमदाराला पत्र लिहिताना त्यात एकच कर किंवा एकच मागणी घ्यावी, मागणी क्रमांक नमूद करावा आणि लेखी उत्तर मागावे. तारांकित प्रश्नांच्या (सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागणाऱ्या प्रश्नांच्या) सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, म्हणून एखाद्या करावर प्रश्न विचारला जावा असे वाटत असेल, तर पत्र दिवाळीच्या सुमारासच आमदारांच्या मतदारसंघातील कार्यालयात देऊन पोच घ्यावी.