कोकणात टॅब घेताय? सिमवाला की वाय-फायवाला ठरवताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुकानात उभं राहून निर्णय घेणं. शहरातल्या दुकानात दोन्ही प्रकार सारखेच पळतात. तुमच्या वाडीत काय चालतं, ते बघायला हवं. एकाच गावात वर सड्यावर रेंज फुल असते आणि खाली खाडीकडे साधा कॉल लागत नाही. म्हणून आधी वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असलेले शेजारी गाठा. टॅब घेऊन जिथे बसणार, त्याच जागी त्यांच्या फोनवर व्हिडिओ लावून बघा, तोही रात्री जेवणाच्या सुमारास. तेव्हा टॉवरवर गर्दी असते, त्यामुळे खरा वेग कळतो.

दुसरी चूक फार जणांकडून होते: घरात रेंज कमी, म्हणून सिमवाला टॅब. जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात हे उलटंच पडतं. टॅबमध्ये सिम असेल तर रेंज मिळेल तिथे टॅबच घेऊन बसावं लागतं, म्हणजे मूल पडवीत आणि पुस्तकं माजघरात. त्यापेक्षा फोन पडवीच्या खिडकीत, रेंज येते तिथे, चार्जिंगला लावून ठेवा, हॉटस्पॉट (फोनचं नेट वाय-फायवरून टॅबला देण्याची सोय) चालू करा आणि टॅब आत न्या. हॉटस्पॉट मात्र २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, हवा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड निवडता येतो. आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करा, म्हणजे तो २.४ वर येतो. घरी फायबर असेल आणि आतल्या खोलीत नेट अडकत असेल, तर राऊटरच्या २.४ च्या वाय-फाय नावाला टॅब जोडून बघा.

पण घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो बाबांबरोबर होडीवर जात असेल, तर हॉटस्पॉटही त्यांच्याबरोबर जातो. अशा घरातल्या मुलीच्या अभ्यासासाठी सिमवालाच टॅब घ्या. इथे काटकसर करू नका, कारण सिमची सोय नंतर बसवून मिळत नाही. फरक मोठा असतो हे खरं: २०२५ मध्ये आलेल्या साध्या आयपॅडच्या दोन प्रकारांत १५ हजारांचा होता. वर रिचार्ज वेगळा.

बागायतदारांनी जीपीएस विसरू नये. वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते, सिमवाल्यात असते. अँड्रॉइड टॅबमध्ये मॉडेलनुसार बदलतं, तेव्हा खोक्यावरची माहिती वाचा. कलमांची नोंद, बागेची मोजणी यासाठी टॅब वापरणार असाल तर हे आधीच बघा.

आखातातून कोणी टॅब आणणार असेल, तर मॉडेल नंबर मागवून तो भारतातले फोर-जी बँड (३, ५, ८, ४०) पकडतो का ते तपासा. बीएसएनएलचं फोर-जी वापरायचं असेल तर ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ही हवा. काही नव्या आयपॅडमध्ये सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम (कार्डाशिवाय टॅबमध्येच नोंदवायचं सिम) चालतं.

बँकेशी जोडलेल्या नंबरचं सिम आयपॅडमध्ये टाकू नका. त्यावर साधे एसएमएस येत नाहीत, ओटीपी अडकतो. सिम टाकूनही नेट येत नसेल तर मोबाइल डेटा चालू आहे ना ते बघा, मग एपीएन (सेटिंगमधली सिम कंपनीच्या नेटची नोंद) तपासा. टॅब सारखा फाइव्ह-जी आणि फोर-जीमध्ये उड्या मारत असेल तर फोर-जीवर ठेवा, बॅटरीही टिकेल.

पावसाळ्यात वीज गेली की राऊटर बंद. त्याच्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो; घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टेज जुळवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते, तेव्हा कुठलाच टॅब नेट देऊ शकला नसता. मे संपायच्या आत अभ्यासाचे व्हिडिओ आणि ऑफलाइन नकाशे टॅबमध्ये उतरवून ठेवा.