एसटी-लिंकला सुडोविना परवानगी : माझा अनुभव

एसटी-लिंक व्ही२ हा चिपमध्ये प्रोग्रॅम भरण्याचा व तपासण्याचा अ‍ॅडाप्टर एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाला जोडून उबुंटू लिनक्सवर ओपनओसीडी हे डीबगरचे सॉफ्टवेअर चालवले, की दर वेळी ‘लिबयूएसबी एरर अ‍ॅक्सेस’ हा संदेश येऊन काम थांबत असे. सुडो (रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने आज्ञा चालवणे) लावल्यावर मात्र सारे सुरळीत चाले, म्हणजे दोष केबलचा नव्हता, परवानगीचा होता. रोज रूट म्हणून डीबगर चालवणे मला पटत नव्हते.

यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या एलएसयूएसबी या आज्ञेने अ‍ॅडाप्टरचा क्रमांक ०४८३:३७४८ असा दाखवला. त्या क्रमांकासाठी मी युडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) नियम लिहून त्यात ‘यूअ‍ॅक्सेस’ हा टॅग दिला, तरीही परवानगी मिळेना. बराच शोध घेतल्यावर कारण सापडले: नियमांच्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात; माझ्या फाइलचे नाव ९९ ने सुरू होत होते, आणि लॉग-इन केलेल्या वापरकर्त्याला हक्क देणारी सिस्टमडीची (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेची) ७३ क्रमांकाची फाइल त्याआधीच वाचली जात असल्यामुळे माझा टॅग उशिरा पोहोचत होता. नाव बदलून ६० ने सुरू केले, युडेव्हला नियम पुन्हा वाचायला लावले आणि अ‍ॅडाप्टर काढून परत जोडला. (एसएसएचने दुरून काम करणाऱ्यांना हा टॅग पुरत नाही; त्यांनी नियमात प्लगडेव्ह हा वापरकर्त्यांचा गट द्यावा आणि स्वतःला त्या गटात घालावे.) त्यानंतर यूएसबी उपकरणाच्या फाइलवर परवानग्या दाखवणारी गेटएफएसीएल ही आज्ञा चालवली, तेव्हा परवानग्यांच्या यादीत माझे नाव आले होते.