पेटीवर रॉक अँड रोल कसं बसवावं

मालवणात मी भजनाची पेटी वाजवतो. यंदा गणपतीत आमच्या वाडीतली पाच पोरं भजन झाल्यावर १९५०च्या दशकातलं एक इंग्रजी रॉक अँड रोल गाणं म्हणणार आहेत. तुमच्याकडेही कुणाला हौस असेल, तर मी कसं बसवतोय ते सांगतो.

आधी पोरांना 'शा ना ना' दाखवा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाद्यांशिवाय गाणाऱ्या मुलांचा एक गट होता, त्यातून १९६९ साली हा बँड निघाला. त्याच वर्षी १८ ऑगस्टला सकाळी, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या अगदी आधी, ते अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मंचावर उभे राहिले. पुढचे तिघे सोनेरी कपड्यांत, केस तेलानं चोपडलेले, आणि गाणी दहा-बारा वर्षांपूर्वीची. त्या गाण्यांवर त्यांचा जीव होता, म्हणून ती लोकांनी पुन्हा डोक्यावर घेतली. पुढे १९७७ ते १९८१ त्यांचा टीव्ही कार्यक्रमही चालला.

आता तालीम. पहिले आठ दिवस पेटी उघडूच नका. गळ्यावरच बसवा. ज्याचा आवाज खाली जातो त्याला खर्ज द्या, बाकीच्यांना कोरस. कोरसात 'शा ना ना' अशी नुसती अक्षरं येतात. बँडचं नावसुद्धा १९५८च्या एका गाजलेल्या गाण्यातल्या अशाच अक्षरांवरून घेतलेलं. आमच्यातला धाकटा म्हणाला, "बुवा, ह्येचो अर्थ काय?" मी म्हटलं, तराण्याला विचारतोस का? तोंड नीट उघडून, प्रत्येक अक्षर स्वच्छ म्हणा. इथे पुटपुटलात तर गाणं पडलं.

मग पेटी. सफेद एकला सा धरा. सा-ग-प, ध-सा-ग, म-ध-सा, प-नी-रे. हे चार मेळ, म्हणजे तीन-तीन सूर एकदम दाबायचे (कॉर्ड), याच क्रमानं फिरवत राहिलात, की त्या काळची कितीतरी गाणी त्यात बसतात. भाता सारखा ठेवा, मेळ बदलताना हिसका नको.

खरी मेहनत टाळीची. आपला हात भजनात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पडतो. इथे चारांतली दुसरी आणि चौथी मात्रा टाळीची. पोरं दोन ओळी बरोबर वाजवतात आणि तिसरीला पुन्हा समेवर येतात. मी उपाय केला तो असा: एकवर पाय आपटायचा, दोनवर टाळी, तीनवर पाय, चारवर टाळी, आणि तोंडानं काहीच म्हणायचं नाही. शेणानं सारवलेल्या खळ्यात रोज अर्धा तास. पाचव्या दिवशी पाय सुटला तरी टाळी जागेवर राहिली. संथ गाणं असेल तर प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे मोजा, म्हणजे झोका येतो.

पखवाज लावू नका, त्याची घुमक खर्जाचा आवाज खाते. झांज एकच, तीही दोन आणि चारवर, हलकी. कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. पांढरे शर्ट आणि खोबरेल पुरे.

माईक दोनच मिळतात. एक मुख्य गाणाऱ्यापुढे ठेवा, दुसरा खर्जवाल्याला द्या.